जिवनबाईचा ओटा

हळद उकडायला लागली की त्या गावात दिवसा घरी माणूस सापडत नाही. हिंगोलीकडच्या हट्टा गावाच्या पलीकडचं, कॅनॉलच्या पाण्यावर जगणारं गाव ते. वावरात बॉयलर धडधडत असतात, वाफेचा वास गल्लीपर्यंत येतो आणि घरांना बाहेरून कड्या लागलेल्या असतात. मनकर्णाबाईच्या घराला तेवढी कडी लागत नसे. ती आत खाटेवर असायची.

सकाळी कोमल, तिची सून, डोक्याला फडकं गुंडाळता गुंडाळता एकेक वस्तू सासूच्या हाताशी लावत होती.

"आत्याबाई, पाण्याची बाटली इथं हाय. फोन उशीखाली. आरसा खिडकीत ठेवला."

"नळीची पिशवी?"

"डाव्या अंगाला. टायमावर लघवी काढा बरं. काल दुपारचं इसरल्या तुमी."

"इसरले न्हाई. पाणीच कमी पेले होते."

"हे तर आणखी वाईट. नांदेडच्या दवाखान्यातल्या बाईला फोनवर सांगते मी."

बाहेरून बालाजीनं हाक दिली. "चल की वं. मोहनसिंग बॉयलर घेऊन उभा राहिला, त्याचं डिझल जळून राहिलं."

"जळू द्या जरासं. माय तुमची हाय, अन घाईबी तुमालाच."

"सासूसुनांचं झालं असंल तर सांगा, तवर मी बैल धुऊन येतो."

"तुमी दोघं वावरात जाऊन भांडा," मनकर्णा म्हणाली. "मला इथं निवांत पडू द्या."

ती दोघं गेली, दार लोटलं गेलं, आणि मग तो निवांतपणा आला जो तिला नको होता. ट्रॅक्टरचा आवाज वेशीबाहेर विरला. गल्लीत कोंबड्यांशिवाय काही उरलं नाही.

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. पावसाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायचं काम लग्न झाल्यापासून मनकर्णाचंच होतं. बाकीच्यांची घरं गळायची तेव्हा तिच्या घरात सुकी जमीन असायची, आणि याचा तिला मनातून फार ताठा होता. आता गावात सगळ्यांनी स्लॅब टाकले, पत्रे टाकले. बालाजीही म्हणायचा, "माय, यंदा पत्रे टाकू." ती म्हणायची, "मी हाय तवर माती." त्या दिवशी माती पसरून झाली, आणि कशी दिसते ते बघायला ती दोन पावलं मागं सरली. कडेचा भाग ढासळला. ती अंगणातल्या दगडी पायरीवर पाठीवर पडली. दुखलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. आपले पाय तिला पलीकडे कुणाचे तरी पडल्यासारखे दिसत होते.

नांदेडच्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. तिला वाटलं, ऑपरेशन झालं म्हणजे आता उठायचं. पण उठणं तिथून पुढं सुरू व्हायचं होतं, आणि ते तिला ठाऊक असलेलं उठणं नव्हतं. पहिल्यांदा नुसतं बसवलं तर डोळ्यांपुढं अंधारी आली. मग रोज थोडं थोडं. कुशीवर वळायला शिकायचं. तळव्यांवर भार देऊन बूड उचलायचं, नाहीतर एका जागी बसून कातडं सडतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गुळगुळीत फळीवरून खाटेवरून खुर्चीवर सरकायचं. लघवीची नळी आपल्या हातानं घालायची, आरशात बघून. त्या दिवशी ती खूप रडली होती. मग तिनंच स्वतःला बजावलं, बाळंतपणात कुणाची लाज धरली नाही, मग आता काहून धरू?

हे सगळं शिकवायला नीलांबरी नावाची मुलगी होती. हिंगोलीची, बारीक चणीची, आवाज मात्र मास्तरासारखा. मनकर्णानं तिला एकदा सरळ विचारलं होतं, "बाई, पाय येतील का माघारी?"

नीलांबरीनं खोटं सांगितलं नाही. "मावशी, जे परत येतं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत यायला लागतं. किती येईल, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमची इजा मोठी आहे, त्यामुळे मी फार आशा लावणार नाही. पण पायांची वाट बघत पडून राहिलात, तर आहेत ते हातही जातील."

मग तिनंच विचारलं, "घरी गेल्यावर तुम्हाला कुठं जायचंय? चालण्याचं सोडून सांगा."

"जिवनच्या वट्यावर," मनकर्णा म्हणाली.

जिवनबाईचं घर तिच्या घरापासून चार घरं सोडून. दोघी एकाच सालात नवऱ्या होऊन गावात आल्या. त्या वेळी हळद मोठ्या कढईत उकडायची, वर पाला आणि पोत्यांचं झाकण, आणि कढईभोवती बायांच्या गप्पा. तेव्हापासून लागवडीच्या आधी हळदीचं बेणं निवडायला दोघी जिवनबाईच्या ओट्यावर बसत. नासकी कांडी बाजूला, डोळे असलेली टणक कांडी टोपल्यात. हातांना काम आणि तोंडाला तर त्याहून जास्त. नवरे गेले, सासवा गेल्या, कढया भंगारात गेल्या, पण ते बसणं चुकलं नव्हतं.

"किती उंच आहे ओटा?" नीलांबरीनं विचारलं. मनकर्णानं खाटेवरून हात खाली धरून उंची दाखवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच उंचीचा एक लाकडी बाक आला. रोज खुर्चीतून त्या बाकावर आणि बाकावरून खुर्चीत. सगळा वॉर्ड त्याला जिवनबाईचा ओटाच म्हणायला लागला. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारायचा, "काय मावशी, आज ओट्यावर गेलात का?"

कार्तिकात ती घरी आली. आधी गाव लोटलं. कुणी अंगारा आणला, कुणी तेल. मग रब्बीची गडबड आली आणि माणसं पांगली. माणसांचं त्यात काही चुकलं नव्हतं. फक्त जिवनबाई रोज दुपारी यायची, भाकरीचं फडकं घेऊन. ती येतेच आहे, तर आपण काहून जायचं, असं मनकर्णाला वाटायला लागलं. चाकाच्या खुर्चीवर लुगडी वाळायला लागली.

हळदीच्या त्या दिवसांत एका दुपारी जिवनबाई कोपरापर्यंत पिवळी होऊन आली. फडकं सोडता सोडता तिचं लक्ष गेलं. गोधडीखाली मनकर्णाचा उजवा पाय ताडकन उडाला.

"माय गं," ती म्हणाली. "मने, पाय हालला तुहा."

मनकर्णानं गोधडी सारखी केली.

"म्या मह्या डोळ्यानं पाह्यला. आता परत हालव."

पाय पुन्हा उडाला, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. जिवनबाईनं पिवळ्या हातांनी पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. गुडघ्याचा वातही विसरली, उठली, बसली, पुन्हा उठली.

हे पाय तुमचं ऐकून हलत नाहीत मावशी, ते आपोआप उडतात, त्यावर भरवसा धरू नका, असं नीलांबरीनं घरी पाठवताना समजावलं होतं. मनकर्णाला ते पक्कं ठाऊक होतं. पण त्या घरात किती दिवसांत कुणी आनंदानं रडलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "हालतो कधी कधी."

"निजलेला हाय तो. त्याला गरमी पायजे. थांब, उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी जिवनबाई बॉयलरमधून काढलेल्या हळदीची पुरचुंडी घेऊन आली. जुन्या लुगड्यात बांधलेली, वाफ येणारी. कढईच्या काळापासून बाया असंच करत. दिवसभर उभं राहून पाय भरून आले की घरी जायच्या आधी उकडलेली हळद फडक्यात बांधून गुडघ्यांना शेकायची. तिनं पुरचुंडी पोटरीखाली सरकवली.

"चटका बसून राहिला का?"

"न्हाई."

"मंग बराबर हाय."

मग बोलणं लागलं. जिवनबाईच्या धाकट्या जावेचं, कॅनॉलचं पाणी कधी सुटणार त्याचं, कोमलच्या माहेरच्या लग्नाचं. पुरचुंडी थंड झाली तेव्हाच ती निघाली. पोटरीपासून टाचेपर्यंत पाय पिवळाधमक झाला होता.

"हळद लागली तुला," जिवनबाई जाता जाता म्हणाली. "आता नवरा शोधायचा राहिला."

"म्हातारा नको गं. पळणारा पाह्य," मनकर्णा म्हणाली, आणि दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसल्या.

संध्याकाळी शिकवल्याप्रमाणे तिनं मोतीबिंदूनं अंधुक झालेल्या डोळ्यांनी आरसा धरून पाय बघितला. सगळं पिवळं होतं. कोमलनंही बघितलं, तिलाही पिवळंच दिसलं. पिवळ्याखालचं लाल कुणाला दिसलं नाही. सकाळी गोधडी ओली लागली म्हणून कोमलनं ती उचलली, तर पोटरीवरचं कातडं गोधडीबरोबर निघालं.

त्यानंतर गल्लीत जे झालं ते मनकर्णाला खाटेवरून सगळं ऐकू आलं.

"जिवनकाकू, शिजवला तुमी पाय आमच्या आत्याबाईचा."

"अगं पोरी, म्या तर..."

"वर्ष होत आलं, राबून राहिले मी त्या पायामागं. कुशी बदलते, डाग बघते, रात्रीची उठते. तुमाला एक दुपार पुरली."

मग जिवनबाईच्या चपला घासत गेल्याचा आवाज आला.

नांदेडला पुन्हा खाट, पुन्हा सलाइन. मेलेलं कातडं कापून काढलं, तेही तिला कळलं नाही. नीलांबरी रागावली असती तर बरं झालं असतं. ती पायाशी बसून राहिली आणि मग म्हणाली, "मावशी, जिथं अंगाला कळत नाही तिथं डोळ्यांनी कळून घ्यायचं. हे आता जन्माचं आहे. गरम काही असलं तर आधी हाताला लावून बघायचं. आणि पाय बघायचा तो स्वच्छ धुऊन."

जखम भरेपर्यंत खुर्ची बंद झाली. पाय लोंबता ठेवायचा नाही, आणि पाठीवर पडून टाचा, बूड दबू द्यायचं नाही. म्हणून दिवसाचा बराचसा वेळ पालथं. घरी आल्यावर ती तशीच पडून राहिली, गाल उशीवर टेकवून. दिसायची ती शेणानं सारवलेली जमीन आणि दाराखालची उजेडाची पट्टी. त्या पट्टीत पावलं येत आणि जात. कुणाची ती ओळखू लागली. बालाजीची जड, कोमलची घाईची. पाणी आणायला जाणाऱ्या जिवनबाईचं पाऊल डाव्या पायावर किंचित रेंगाळायचं. ते दारापुढं येऊन हळू व्हायचं. कधी थांबायचंही. मनकर्णाच्या घशाशी हाक यायची. जिवन. एवढी तीन अक्षरी हाक, आणि ती आतच राहायची. मग पाऊल पुढं जायचं.

पूर्वीही भांडणं झाली नव्हती असं नाही. एकदा जिवनबाईची म्हैस मनकर्णाच्या हळदीत शिरली होती, तेव्हा अख्खा पावसाळा दोघी बोलल्या नव्हत्या. शेवटी मनकर्णाच तांब्याभर कढी घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसली. काही न बोलता बसली. जिवनबाईनं कढी चाखली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." झालं, भांडण मिटलं. तेव्हा पाय होते. पाय असले की माणसाला बोलावं लागत नाही, नुसतं जाऊन बसता येतं, हे तिला पालथं पडल्या पडल्या कळलं.

फोनही होता उशीखाली. पण फोनवर काय सांगायचं? ये म्हटलं तर ती कोमलच्या भीतीनं येणार नाही. आणि आली तरी पायाशी बसून रडेल. मनकर्णाला ती रडायला नको होती. तिला ती ओट्यावर हवी होती, शेजारी.

वैशाख संपता संपता जखमेवर गुलाबी, चकचकीत कातडं धरलं. दंड वाळून गेले होते. उचलायला गेली तर बूड खाटेवरून हलेना. पहिल्यापासून सगळं पुन्हा. बसणं, अंधारी, तळव्यांवर भार. बालाजीनं उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना मुरूम टाकून धुम्मसानं ठोकून उतार केला. खुर्चीवरची लुगडी तिनं स्वतः ओढून काढली.

एक दिवस रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "उद्या मी जिवनकडं जाते."

बालाजीनं घास थांबवला. कोमल म्हणाली, "मी नेऊन सोडते."

"तू नको. तू भांडलीस तिला."

कोमल ताटाकडं बघत राहिली. "मंग काय करायचं होतं मी?"

"भांडायचंच होतं. महं लेकरू जळलं असतं तर म्याबी भांडले असते. पर उद्या तू नको."

सकाळी कोमलनं तिला पायमोजे घातले, खुर्चीत गादी बराबर बसवली, पाय टेकायचा लोखंडी पायटा गरम नाही ना, ते हातानं चाचपून बघितलं. "चाकाला पाय घासला तर कळायचं न्हाई तुमाला. खाली बघत जावा. अन ऊन चढायच्या आत." मग सरकायची फळी सासूच्या मांडीवर ठेवून ती वावराकडं गेली. मागं वळून बघितलं नाही, यात तिचा केवढा जोर लागला असेल ते मनकर्णाला कळलं.

चार घरं. एके काळी भरली घागर डोक्यावर घेऊन ती वाट तिला वाट वाटत नव्हती. आता फुफाट्यात चाकं रुतत होती. वारा कोरडा, तोंडात माती. दोन ढकलं दिली की दम खायचा, तळव्यांवर बूड उचलायचं, पायांकडं बघायचं, पुन्हा दोन. एका दाराला कुलूप, दुसऱ्यात राहायला आलेली नवीन माणसं वावरात, तिसऱ्यात नुसता रेडिओ. मधल्या नालीशी पुढचं छोटं चाक अडकलं. ना पुढं ना मागं. हाक मारावी तर गल्लीत कुणी नाही. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. ती तशीच बसून राहिली, आणि पहिल्यांदा तिला वाटलं, नीलांबरीच्या लाकडी बाकाला नाली नव्हती.

शेवटी मोहनसिंग दिसला, बॉयलरचे पाइप खांद्यावर घेऊन चाललेला. "अरे मौसी, इधर कैसे? उठाके रख दूं क्या?"

"उचलू नको बाबा. ही फळी तेवढी नालीवर टाक, अन पाय देऊन दाबून धर."

"गिर जाओगी."

"पडले तर मंग उचल."

त्यानं फळी धरली. तिनं ओठ दाताखाली धरून चाकं रेटली. पलीकडं गेल्यावर त्यानं फळी पुसून तिच्या मांडीवर ठेवली आणि पाइप उचलले.

जिवनबाई ओट्यावर एकटीच बेणं निवडत होती. खुर्ची बघून तिचा हात टोपल्यात तसाच राहिला. मग ती उठली आणि घरात गेली. दार अर्धं लागलं.

"जिवन," मनकर्णानं हाक मारली. इतक्या दिवसांची ती हाक घोगरी निघाली. "बेणं उन्हात टाकून गेलीस. वाळंल मंग?"

"वाळू दे." दारामागून आवाज आला. "मला तोंड न्हाई तुला दाखवायला."

"नको दाखवू. मी बसते मही मही."

तिनं खुर्ची ओट्याला तिरकी लावली, चाकं अडकवली. फरशीवर तळवा टेकवून बघितला. ती बाजू सावलीतली होती, गार होती. फळीचं एक टोक मांडीखाली, एक ओट्यावर. हातानं एकेक पाय उचलून सरळ केला. दारातून जिवनबाई बाहेर आली, दोन्ही हात पुढं करून.

"धरू नको."

"पडशील मने."

"उभी राह्य तशीच."

पहिल्यांदा ती सरकलीच नाही. दुसऱ्यांदा अर्ध्यावर दंड थरथरले आणि ती तिथंच थांबली, ना खुर्चीत ना ओट्यावर. जिवनबाईचे हात तसेच हवेत. मग मनकर्णानं डोळे मिटले, डोकं पुढं झुकवलं आणि बूड टाकलं. ओट्यावर. पाठ भिंतीला लागली. घाम मानेवरून उतरत होता.

"म्या तुलाच इचारलं," जिवनबाई म्हणाली. "चटका बसून राहिला का, म्हणून तुलाच इचारलं. ज्याला कळत न्हाई त्याला."

"अन म्या न्हाई म्हणले. कळतच न्हाई तर खोटं काय बोलले?"

जिवनबाई हसली नाही.

"पाय उठणार न्हाई, जिवन. तो हालतो ते महं ऐकून न्हाई. मला तवाच ठावं होतं. तू रडून राहिली होतीस, ते बरं वाटलं मला. म्हणून बोलले न्हाई."

"मुळीच न्हाई उठणार?"

"मुळीच न्हाई."

हे तिनं आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बालाजीला नाही, देवाला नाही. बोलल्यावर गल्ली होती तशीच होती. वाऱ्यानं टोपल्यातली माती उडत होती. जिवनबाई हळूच तिच्या शेजारी बसली, पूर्वी बसायची त्या बाजूला.

"मंग आता?"

"आता बेणं निवडू. पर आधी एक काम कर. कोमलला सकाळी घाई असती, अन मला आरशात नीट दिसत न्हाई, मोतीबिंदू झाला दोन्ही डोळ्यांत. पाय तू बघायचा. रोज. जा, हात धुऊन ये."

जिवनबाई उठली. आत साबण लावून हात घासल्याचा, पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला. फार वेळ आला. ती परत आली तेव्हा हात सुरकुतून पांढरे पडले होते. तिनं खाली बसून मनकर्णाचा पाय मांडीवर घेतला, मोजा काढला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागली.

"अंगठा बरा हाये. टाच कोरडी, पर चिरली न्हाई. पोटरीवर जुनं कातडं अन नवं कातडं येगळं दिसून राहिलं. लाल कुठं न्हाई." तिनं थांबून एक बोट टेकवलं. "इथं महं बोट हाय."

"कुठं?"

"घोट्याच्या वर."

मनकर्णानं धुरकट डोळ्यांनी त्या जागेकडं बघितलं. मग टोपलं आपल्याकडं ओढलं, एक कांडी उचलली, अंगठ्यानं दाबून बघितली. नासकी होती. ती बाजूला टाकून तिनं दुसरी घेतली.